तुमचं वाद्य जुळवून आणा

पोरी, परवा पहाटे तू सवाईला निघणार. गळ्यात ग्रीनरूमचा पास, खांद्यावर दोन कॅमेरे आणि पोटात गोळा. काल जेवताना तू विचारलंस, "मामा, आत गेल्यावर पहिलं काय करायचं?" मी म्हटलं, "चप्पल काढायची." तू हसलीस. मी थट्टा करत नव्हतो.

ग्रीनरूममध्ये सतरंजी असते आणि तिच्यावर तंबोरे आडवे निजलेले असतात. गवसणी अर्धी काढलेली, भोपळ्याखाली उशी किंवा गुंडाळलेली शाल. त्या सतरंजीवर पायताण घालून कोणी येत नाही आणि वाद्य कोणी ओलांडत नाही. वळसा घालून जायचं, वाट नसेल तर थांबायचं. हे एवढं पाळलंस की निम्मी ओळख झाली. चप्पल काढली की माणूस आपोआप खाली बसतो, हा दुसरा फायदा. सगळे मांडी घालून बसलेत आणि आपण कॅमेरा घेऊन उभे, म्हणजे पंचनाम्याला आल्यासारखं दिसतं. फोटोही वरून खाली येतो: टक्कल, भांग आणि खांदे. बसलीस की भिंग बुवांच्या डोळ्यांच्या रेषेत येतं. माझे चांगले म्हणावेत असे जेवढे फोटो आहेत, ते सगळे बसून काढलेले आहेत. आता गुडघे धरतात ते त्यामुळेच, असं तुझी मामी म्हणते.

माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. गोष्ट जुनी आहे, फिल्मच्या काळातली. उपनगरातल्या एका सभागृहात एका मोठ्या गायकांची मैफल होती. नाव सांगत नाही, तुला ओळखायला वेळ लागणार नाही. मला विंगेत उभं राहायची परवानगी मिळाली. विलंबित चाललेलं, अगदी सावकाश. समेच्या आधी त्यांनी एक जागा अशी रिकामी सोडली की सभागृहात पंख्याचा आवाजसुद्धा नकोसा झाला. मला वाटलं, हाच क्षण. दाबलं बटण. त्या काळच्या कॅमेऱ्यातला आरसा वर जायचा तेव्हा खाटकन् आवाज व्हायचा. त्या शांततेत तो कपाट आपटल्यासारखा वाजला. गायकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेटीवाल्यांनी पाहिलं, आणि ती नजर मला आजही आठवते. मैफल संपल्यावर मी माफी मागायला गेलो. ते पान जुळवत होते. म्हणाले, "फोटो काढा हो, पण पुढच्या वेळी तुमचं वाद्य जुळवून आणा."

त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याला वाद्यच समजतो. तूही समज. बसमध्ये बसायच्या आधीच जुळव: फोकस झाल्यावर वाजणारा बीप बंद. अंधारात फोकस शोधायला पेटणारा तो नारिंगी दिवा बंद. फ्लॅश घरी ठेव, माझ्या कपाटात, म्हणजे मोह नको. फोटो काढला की मागच्या पडद्यावर तो आपोआप दिसतो तेही बंद, नाहीतर काळोख्या विंगेत तुझी हनुवटी निळी उजळते आणि दुसऱ्या रांगेतल्या आजोबांची समाधी मोडते.

आता तू म्हणशील, माझ्या कॅमेऱ्याला आवाजच नाही, सायलेंट शटर आहे. आहे, पण त्यात एक मेख आहे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण सायलेंट शटरमध्ये सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. त्यामुळे ते लुकलुकणं चेहऱ्यावर आडव्या पट्ट्या होऊन उमटतं. गायकाच्या गालावर झेब्रा. उपाय सोपा आहे: शटर 1/50 किंवा 1/100वर ठेवायचं आणि ग्रीनरूममध्ये शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीचे दोन फोटो काढून मोठे करून बघायचे. पट्ट्या दिसल्या तर साधं शटर वापर, पण मग ते तंबोरा जुळत असताना वाजवायचं नाही. 1/100ला तबलजीची बोटं हलतील. हलू देत. चेहरा स्थिर आणि बोटांचा धूर झालेला, हे खरं दिसतं. आयएसओ 3200, 6400 काय लागेल ते लाव, दाण्यांना घाबरू नकोस. आम्ही ट्राय-एक्स चारशेची फिल्म सोळाशेला ढकलायचो आणि देवनारच्या या घरातल्या मोरीत मिट्ट काळोख करून धुवायचो. बाहेर मामी बादली घेऊन ताटकळत उभी. त्या दाण्यांवर आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

भिंगं दोनच ने. पस्तीस आणि पंचाऐंशी. मोठी झूम ग्रीनरूममध्ये तोफेसारखी दिसते.

आता मुख्य गोष्ट, आणि याबाबतीत माझं मत ठाम आहे. मैफलीआधीचा अर्धा तास कलाकाराचा असतो. त्यात मुलाखत मागायची नाही, "जरा इकडे बघा" म्हणायचं नाही, "आज कोणता राग?" हे तर विचारायचंच नाही. पुष्कळांनी तो ठरवलेला नसतो. ज्यांनी ठरवलेला असतो त्यांना तो बोलून उष्टा करायचा नसतो. त्या अर्ध्या तासात तू फक्त हजर राहायचं. कोपरा धर, भिंतीला पाठ टेक, कॅमेरा मांडीवर, आणि ऐक. पहिली दहा मिनिटं कॅमेरा उचलूसुद्धा नकोस. लोक तुझ्याकडे बघतील, मग बघायचे थांबतील. थांबले की तुझं काम सुरू.

ऐक म्हणजे काय, तर तंबोरा कसा जुळतो ते ऐक. आधी खुंट्या पिळल्या जातात, तेव्हा कपाळाला आठ्या असतात, माणूस चिडका दिसतो. हे फोटो सगळ्यांकडे असतात. मग भोपळ्यावरचे मणी हलतात, केसभर इकडे, केसभर तिकडे. त्यानंतर जवारी. घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा एक धागा असतो, तो बोटानं पुढेमागे सरकवतात. एका जागी आला की तार एकदम उमलते, आवाज गोल होऊन खोलीभर पसरतो. त्या क्षणी बघ. जुळवणाऱ्याचा चेहरा सैल पडतो, ओठ किंचित उघडतात, आणि पलीकडे शाल सारखी करत बसलेले बुवा, ज्यांचं इकडे लक्ष आहे असं वाटतही नव्हतं, ते न बघता मान हलवतात. हा फोटो. तो डोळ्यांनी शोधायला गेलीस तर चुकेल, कारण दिसेपर्यंत तो झालेला असतो. जवारी लागत आली हे कानाला आधी कळतं, म्हणून बोट बटणावर आधीच हवं. तुझा कान तयार नसेल तर या दोन दिवसांत घरातला तंबोरा काढ आणि धागा सरकवत बस. धूळ पुसून घे.

हेच तबल्याचं. हातोडी गट्ट्यांवर पडते तेव्हा काही नसतं. ती थांबते आणि तबलजी कान चाटेजवळ नेऊन एकच टिचकी मारतात, तेव्हा असतं. पुण्याच्या डिसेंबरात ग्रीनरूम गार आणि रंगमंचावर दिव्यांचा उकाडा. आत जुळवलेलं बाहेर उतरतं किंवा चढतं, म्हणून सगळे पुन्हा जुळवतात. त्यामुळे एक संधी हुकली तर दुसरी मिळते. घाई नको.

मैफल संपल्यावरचा अर्धा तास मात्र तुझा. तेव्हा कलाकार घामेजलेला असतो, अंगात सूर अजून चालू असतो आणि तोंड सैल सुटलेलं असतं. पाया पडायला रांग लागते, हारतुरे येतात, कोणीतरी वडे आणतं. ती रांग संपू दे. शेवटचा माणूस गेला की ते पहिल्यांदा टेकतात, पाय लांब करतात. तिथे जा. तोवर तुला त्यांनी तासभर कोपऱ्यात गप्प बसलेली पाहिलेलं असतं. त्याचं व्याज आता मिळतं.

विचारायचं काय? "कसं वाटतंय?" नको. "आपल्या गुरूंविषयी दोन शब्द" तर मुळीच नको. त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं आणि ऐकणाऱ्याचंही पाठ असतं. इथे मी तुला आपल्या देवनारचंच उदाहरण देतो. बकरी ईदच्या आधी कत्तलखान्याच्या आवारात बाजार भरतो. राजस्थानातून, उत्तरेतून व्यापारी येतात, आठ-आठ दिवस बकऱ्यांबरोबरच राहतात. तरुणपणी मी तिथे चेहरे टिपायला जायचो. आधी जाऊन "फोटो काढू का" म्हटलं की माणूस ताठ व्हायचा, फेटा सारखा करायचा, पासपोर्टला बसल्यासारखा. मग एकदा मी सहज बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, याला काय खायला घालता? तो गडी अर्धा तास बोलला. कोणत्या पाल्यानं अंग धरतं, गाडीत एकाचा पाय कसा अडकला, रात्री थंडीत त्याला कसं कवटाळून झोपलो. मी एकीकडे फोटो काढतोय याचं त्याला भानही नव्हतं. कलाकारांची बकऱ्यांशी तुलना केली म्हणून कुठे छापू नकोस. पण माणसाला स्वतःविषयी विचारलं की तो सावध होतो, त्याच्या हातातल्या वस्तूविषयी विचारलं की मोकळा होतो.

म्हणून तंबोऱ्याविषयी विचार. "हा मिरजेचा का?" एवढंच. मिरजेची सतारमेकर घराणी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, कोणी कधी कसा करून घेतला, प्रवासात कधी तडकला, कोणी सांधला, सगळं निघेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुला माहीत असलेलं बरं, पण तू सांगायचं नाहीस, ते सांगतील. मिरज निघाली की अब्दुल करीम खाँसाहेब निघतातच, आणि त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. ज्यांच्या नावाच्या उत्सवात तू बसली आहेस ते. 1952 साली ते गेले आणि 1953पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी हा उत्सव उभा केला, वाढवला. त्यांच्यानंतर त्यांचंही नाव उत्सवाला जोडलं. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. एवढी वंशावळ तोंडपाठ असू दे. कोण कोणाचा शिष्य हे चुकलं तर पुढचं दार बंद, मग तुझा कॅमेरा कितीही लाखांचा असो.

सारंगिये भेटले तर नखं बघ. सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीनं दाबतात. तिथे वर्षानुवर्षांचे घट्टे असतात. सतारियाच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेच्या काळ्या रेघा. अशा हातांचा फोटो चेहऱ्याइतकाच बोलतो, आणि हात दाखवा म्हटलं तर कोणी लाजत नाही.

प्रश्न विचारलास की गप्प राहा. हे तुम्हा नव्या मुलांना जड जातं. समोरचा थांबला की तुम्ही दुसरा प्रश्न टाकता. अगं, तो थांबलाय म्हणजे आठवतोय! मनात सात-आठ मात्रा मोज. बहुतेकदा सहाव्या मात्रेला खरी गोष्ट येते. आणि "अच्छा", "वा", "हो का" हे तोंडानं म्हणायचं नाही, मानेनं म्हणायचं. नाहीतर ध्वनिमुद्रणात त्यांच्या प्रत्येक वाक्यावर तुझी दाद ऐकू येईल.

ध्वनिमुद्रणावरून आठवलं. तुझ्या संस्थेत माइक वगैरे सगळं शिकवलं असेल, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा समाजविज्ञान संस्था असताना मी तुला माइक काय शिकवणार! पण एक गोष्ट अनुभवातून सांगतो. ग्रीनरूममध्ये पुढच्या कलाकाराचा तंबोरा चालू असतो, आता तर मोबाइलमधला. मागे तो असला की मुलाखत गोड वाटते. फसू नकोस. नंतर संकलनाला बसलीस आणि दोन वाक्यांमधला खोकला कापलास की मागच्या तंबोऱ्याचं आवर्तनही मध्येच तुटतं. शब्द कुठे कापला ते कोणाला कळणार नाही, पण सूर कापलेला पोरालाही कळतो. म्हणून "बुवा, जरा बाहेर बसायचं का, मोकळी हवा आहे" असं म्हणून त्यांना व्हरांड्यात काढ. बोलणं झालं की त्या जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित कर. कॉलरचा माइक रेशमी कुडत्याला लावलास तर प्रत्येक श्वासाला सळसळ येते, आणि भरजरी साडीवर तर विचारूच नकोस. त्यापेक्षा माइक हातात धर, तोंडापासून वीतभर, किंचित खाली.

साथीदारांना विसरू नकोस. वर्तमानपत्रात मी इतकी वर्षं काढली, ओळ कायम एकच छापायची: अमुक यांचे गायन झाले, त्यांना तबला व पेटीवर साथ लाभली. कोणाची, ते जागेअभावी गळायचं. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची तर नावं लिहूनही घेतलेली नसायची. माझ्याकडे जुन्या निगेटिव्हचा एक डबा आहे. त्यात गायक सगळे ओळखता येतात, पण मागचे चेहरे कोणाचे ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. त्यातला एखादा आज स्वतः मंचावर मध्यभागी बसत असेल. तू वही ने. प्रत्येकाचं नाव त्यालाच लिहायला सांग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घही त्याचंच. गाव लिहायला सांग. फोटोचा क्रमांक शेजारी टाक. हे काम कंटाळवाणं आहे आणि दहा वर्षांनी तुझ्या सगळ्या फोटोंपेक्षा त्या वहीची किंमत जास्त असेल.

सवाईच्या मंडपात जुन्या फोटोग्राफरांपैकी कोणी भेटले तर त्यांच्या शेजारी जाऊन बस, प्रश्न विचारू नकोस, नुसतं बघ ते कधी कॅमेरा उचलतात. सतीश पाकणीकरांनी कित्येक वर्षं तिथे हे केलंय, त्यांची प्रदर्शनं पाहिली नसशील तर बघ. गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' माझ्या फळीवर आहे. तो वेगळा रस्ता, मांडून, प्रकाश बांधून काढलेला चेहरा. मला त्यांच्या प्रकाशाचा हेवा वाटतो, पण ते काम ग्रीनरूममध्ये होत नाही. आणि दयानिता सिंग. ती अहमदाबादला डिझाइन शिकत होती, झाकीर हुसेनांचे फोटो काढायला गेली तेव्हा आयोजकांपैकी कोणीतरी तिला ढकललं. तुझ्याच वयाची असेल. पुढे झाकीरभाईंनीच तिला जवळ येऊ दिलं आणि ती काही वर्षं हिवाळ्यातल्या मैफलींच्या दौऱ्यांत त्यांच्याबरोबर हिंडली. 1986 साली त्याचं पुस्तक झालं, तिचं पहिलं. तुलाही कोणीतरी ढकलेल. कार्यकर्ता असतो, बिल्ला लावलेला, तीन रात्री झोपलेला नसतो. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला चहा आणून दे. दुसऱ्या दिवशी तोच तुला खुर्ची देतो. हा माझा हमखास उपाय आहे.

एक गोष्ट मात्र मनात ठेव. ग्रीनरूम म्हणजे फक्त सवाईची नव्हे. तू घरापासून दहा मिनिटांवरची ग्रीनरूम अजून पाहिलेली नाहीस. चौदा एप्रिलच्या आसपास गोवंडीपासून चेंबूरपर्यंत ठिकठिकाणी मंच उभे राहतात, भीमगीतांचे, शाहिरीचे. तिथे आरसा नाही, सतरंजी नाही. मंचाच्या मागे ताडपत्री, तिच्याआड टेम्पो, टेम्पोच्या फाळक्यावर बसलेला कोरस, आणि शेजारी जनरेटर धडधडतोय. मी एकदा तिथे गेलो असताना एक पोरगा जमिनीवर उकिडवा बसून वर्तमानपत्राचे बोळे पेटवत होता. दुसऱ्यानं डफ त्या जाळावर धरला, फिरवला, पुन्हा धरला. कातडं तापलं की ताणतं, आवाज चढतो. तो मधूनमधून बोटानं टिचकी मारायचा, ठस्स यायचं, पुन्हा जाळावर. कागद तेवढा दहा-बारा सेकंद पेटतो, त्या तेवढ्या वेळात चार चेहरे खालून लाल होतात आणि विझतात. माझ्याकडे भिंग होतं एफ-दोनचं, शटर 1/30वर, हात टेम्पोच्या चाकाला टेकवलेला. सहा फोटो काढले, एक आला. त्यात डफ काळा गोल दिसतो, सूर्यग्रहणासारखा, आणि त्याच्या कडेनं गाणाऱ्या बाईंचा चेहरा, डोळे मिटलेले, पुढच्या गाण्याचे शब्द मनात घोळवत असलेल्या. शास्त्रीय मैफलीतला जवारीचा क्षण आणि हा क्षण, मला त्यात फरक दिसत नाही.

तिथे मुलाखत घ्यायची तर जनरेटरपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, त्याची घरघर नंतर निघत नाही. रेकॉर्डरवर खालचे आवाज कापायचं बटण असतं ते दाब, थोडा फरक पडतो. पण मुलाखत घेच. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धनांच्या 1985च्या 'हमारा शहर'मध्ये विलास गायले होते. ते चित्रण होतं म्हणून 2011 साली 'जय भीम कॉम्रेड'मध्ये आपल्याला त्यांचा आवाज आणि चेहरा पुन्हा भेटतो. त्या दुसऱ्या चित्रपटाला चौदा वर्षं लागली. 1985 साली कॅमेरा चालू करताना ते पुढे कशाला लागणार आहे हे कोणाच्याच मनात आलं नसेल. म्हणून घरी आल्यावर "हे काही खास नाही" म्हणून काहीही पुसू नकोस. दोन हार्ड डिस्क, एक इथे कपाटात, एक तुझ्या आईकडे.

काय काढायचं नाही तेही सांगतो, थोडक्यात. इन्सुलिन टोचून घेताना. कपडे बदलताना, अर्थातच. दात काढून ठेवलेले असताना. गुरू शिष्याला ओरडत असताना. हे शेवटचं मोठं मोहाचं असतं, चेहरे फार सुंदर येतात. पण त्या पोराला उद्या त्याच मंचावर बसायचं असतं. मी असा एक फोटो काढला होता, छापला नाही, पण संपादकांना दाखवला, आणि त्यांनी छापला. पुन्हा त्या घरात मी पाऊल ठेवू शकलो नाही. तेव्हा जे छापायचं नाही ते काढूच नकोस, आणि काढलंस तर दाखवू नकोस. हळवं काही बोलले, घरातलं, पैशाचं, तर माइक बंद करून विचार, "हे ठेवू का?" नाही म्हणाले तर त्यांच्यासमोर पूस. तू मघाशी वाचलंस की काहीही पुसू नकोस. हा अपवाद.

संबोधनांबद्दल तू विचारलं होतंस. सगळ्यांना सरसकट पंडितजी म्हणायची फॅशन आली आहे. ज्येष्ठांना बुवा म्हटलेलं आवडतं, मुसलमान कलाकारांना खाँसाहेब, बायांना ताई. विदुषी वगैरे निवेदकांसाठी ठेव. तबलजी तुझ्यापेक्षा लहान असला तरी पहिल्या भेटीत अहोजाहो. पाया पडायचं असेल तर कॅमेरा आधी बाजूला ठेव. गळ्यात लोंबता ठेवून वाकलीस तर भिंग थेट त्यांच्या गुडघ्यावर. हेही अनुभवाचे बोल.

सवाई आता मुकुंदनगरला भरतो, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, 2018पासून. माझ्या आठवणीतलं रमणबाग गेलं. रात्र रात्र चालायचं तेही गेलं, ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. मी पहाटे पाचला कुडकुडत तिथे भैरवी ऐकलेली आहे. तुला ते मिळणार नाही, तू मफलर तरी घे. दुपारी ऊन असेल म्हणून स्वेटर नेणार नाहीस, ओळखून आहे मी तुला. रात्री बोटं गारठली की बटण वेळेवर दाबलं जात नाही.

आणि फोटो पाठव. व्हॉट्सअॅपवर नव्हे, म्हणजे तिथेही पाठव, पण छापून पाठव. पाच बाय सातचा, पाकिटात, मागे तारीख आणि जागा लिहून. सगळ्यांना नाही जमणार, साथीदारांना आधी. मोठ्या कलाकाराकडे फोटो ढीगभर असतात. पेटीवाल्याच्या घरात तुझा फोटो भिंतीवर जातो.

टेबलावर एक पिवळं पाकीट ठेवलंय, बघितलंस का? त्यात त्या मैफलीतला एक फोटो आहे, मी सांगितली ती, खाटकन् वाली. गायक त्यात नाहीत. पेटीवाले आहेत, थेट माझ्याकडे बघताहेत, संतापून. मागे त्यांचं नाव आहे, त्या वेळी कोणाला तरी विचारून लिहिलेलं, ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नाही. पुण्याचे होते. सत्तरी ओलांडली असेल. ग्रीनरूममध्ये जुन्या माणसांपैकी कोणाला तरी विचार. भेटले तर दे, आणि सांग, त्यानं वाद्य जुळवून घेतलंय म्हणावं.

गोवंडीहून गाड्या बदलत बसू नकोस, मैत्री पार्कवरून बस पकड. रिक्षा देवनार डेपोसमोर मिळते, पहाटे पाचलाही असते. आणि बॅग बसच्या डिकीत टाकू देऊ नकोस, मांडीवर ठेव.